पंचेचाळीस फुटांची म्हातारी

गिरिधर ऑपरेटरला माणसं आवडत नसत, आणि हे त्याने कधी लपवलंही नाही. नागपूरच्या महाल भागातल्या एका टॉकीजच्या केबिनमध्ये एकोणीस वर्षं तो दोन मशिनींच्या मधे उभा राहिला. भिंतीतल्या वीतभर चौकोनातून खालची डोकी बघून त्याचं मत पक्कं झालं होतं, की ह्या लोकांना काही कळत नाही. शिट्ट्या मारणारे, गाद्या फाडणारे, पडदा जरा काळा झाला की ऑपरेटरच्या आईबहिणीचा उद्धार करणारे. पिक्चर चालला तर नाव हिरोचं आणि अडला तर शिवी ह्याला. एकोणीस वर्षांत कुणी मान मागे वळवून त्या चौकोनाकडे कौतुकाने पाहिलं असेल तर शपथ.

वडील कचेरीत कारकून होते. मुलानेही कारकून व्हावं म्हणून त्यांनी त्याला दोनदा मॅट्रिकला बसवलं, दोन्ही वेळा तो आपटला. मग तो मशिनीच्या मागे लागला आणि मशीन मात्र त्याला पहिल्या महिन्यात वश झाली. बायको प्रमोदिनी म्हणायची, ‘‘तुमी मशिनीसंगच लगन कराले पाह्यजे होतं. माह्यासंग काहून केलं?’’ ह्यावर तो उत्तर देत नसे. तसा तो कशावरच फारसं उत्तर देत नसे, आणि दिलंच तर समोरच्याला वाटावं की विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

त्याचा एक नियम होता. ऑपरेटरने पिक्चर पाहायचा नाही. मशिनीतल्या दोन कार्बनच्या कांड्या जळत जळत आखूड होतात, त्या हलक्या हाताने जवळ आणत राहायच्या. वरच्या चाकावरची फिल्म खालच्या चाकावर नीट गुंडाळली जाते का, त्यावर डोळा ठेवायचा. रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका उमटतो, तेवढ्यापुरतं बाहेर बघायचं आणि दुसरी मशीन सुरू करायची. जो गोष्टीत गुंतला तो गेला. गिरिधरने शेकडो पिक्चर चालवले होते आणि त्यांतल्या एकाचीही गोष्ट त्याला सांगता आली नसती.

चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात तो पाताळाचा पिक्चर आला. त्यात नावाजलेलं कुणी नव्हतं. आंधळ्या आईचे डोळे परत आणायला एक राजपुत्र विहिरीतून पाताळात उतरतो, सात दरवाजे ओलांडतो, अशी एकूण भानगड. आपल्या भागात फिरायला त्याची एकच प्रिंट आली होती, तिचा पहिला मुक्काम नागपूरला होता. शुक्रवारी दुपारी बाराचा पहिला शो लागला तेव्हा बाहेर सत्तेचाळीस डिग्री होते. थिएटरात जेमतेम पन्नास माणसं होती, आणि ती पिक्चरला आलीच नव्हती. नागपुरात मे महिन्यात सगळ्यात स्वस्त गारवा टॉकीजमध्ये मिळतो. वाळ्याच्या ताट्या, त्यांच्यामागे मोठाले पंखे, आणि खाली पाय लांब करून झोपलेले लोक. मध्यंतराआधीच अर्धं थिएटर घोरत होतं.

आठवं रीळ सुरू झालं. राजपुत्र तिसऱ्या दरवाजातून बाहेर पडतो, पायाला धारेचा दगड लागून रक्त निघालेलं. इथवर नुसता ढणढणाट होता आणि अचानक बाजा थांबला. केबिनमधल्या लहानशा कर्ण्यातून गिरिधरला नुसती घरघर ऐकू आली. त्याला वाटलं मशीनच बिघडली. म्हणून त्याने चौकोनातून बाहेर पाहिलं, आणि पाहतच राहिला.

पाताळातल्या काळोखात एक म्हातारी जात्यावर बसली होती. जात्यात काहीच नव्हतं, ती रिकामंच दळत होती. राजपुत्राने कमरेच्या पुरचुंडीतले मूठभर गहू काढून जात्याच्या तोंडात घातले. म्हातारीने हात थांबवला, मान वर केली, हिरव्या लुगड्याची पट्टी फाडली आणि काही न बोलता त्याच्या पायाला बांधली. मग पुन्हा दळायला लागली. बस, एवढंच. अर्ध्या मिनिटाचा मामला. पण गिरिधरला एकाएकी लहानपणी पहाटे ऐकलेली जात्याची घरघर आठवली आणि तो चौकोनाला चिकटून उभा राहिला. माणसांचा इतका राग करणारा हा गृहस्थ, पण त्या म्हातारीचा मात्र त्याला राग आला नाही.

तेवढ्यात जळका वास आला. खालच्या चाकाचा पट्टा कधीचा निसटला होता. पडद्यावरून गेलेली फिल्म खाली गुंडाळली न जाता डब्यात कोंबली जात होती, दात्यांत अडकून कडेची भोकं फाटत होती, आणि आता ती तुंबून जागच्या जागी जळायला लागली होती. त्याने मशीन बंद केली. फाटलेली फिल्म कापली, उरलेली दोन टोकं डिंकाने जोडली, सात मिनिटांत पिक्चर पुन्हा सुरू केला. खाली कुणी शिवीसुद्धा दिली नाही, इतकी गाढ झोप. हातात उरलेलं भेंडोळं त्याने मोजलं. पंचेचाळीस फूट. सगळी म्हातारीच होती.

प्रिंटला इजा झाली तर डब्यातल्या कार्डावर लिहायचं असतं. पण त्या वर्षात गिरिधरच्या नावावर आधीच दोन इजा लागल्या होत्या, आणि मॅनेजर वामनरावांनी बजावलं होतं, ‘‘तिसरी झाली की दुसरी टॉकीज शोधा.’’ गिरिधरने कार्डावर काही लिहिलं नाही. भेंडोळं सदऱ्याच्या आत खुपसून घरी नेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीच्या बंबात घातलं. घरभर विचित्र वास सुटला. प्रमोदिनीने दारातून एकदा डोकावून पाहिलं आणि ती आत गेली.

पिक्चर पडेल असं सगळ्यांना वाटत होतं. पण दुसऱ्या आठवड्यात काय हवा फिरली कोण जाणे, तिकिटांसाठी मारामाऱ्या व्हायला लागल्या. टॉकीजसमोरच्या नत्थूजीच्या चहाच्या टपरीवर दर रविवारी सकाळी त्या पिक्चरच्या वेड्यांचा बाजार भरायचा. दोन बाकड्यांवर दहाबारा जण, आणि विषय एकच, पाताळातला प्रवास. बाकीचा पिक्चर त्यांच्या लेखी नव्हताच. कुणाला बोलणारी कवटी आवडायची, कुणाला आगीच्या नदीतली नाव. कापडाच्या दुकानाचा ओमप्रकाश हा तिथला पुढारी, आणि त्याला सापांचा पूल आवडायचा, म्हणून तोच सर्वांत भारी असं ठरलेलं होतं. गिरिधरही तिथेच चहा प्यायचा, पण बाकड्याकडे पाठ करून, उभ्याने.

‘‘पण पट्टीचं काय?’’ दर रविवारी कुणीतरी ते काढायचंच. तिसऱ्या दरवाजापाशी राजपुत्राच्या पायातून रक्त वाहतं, आणि चौथ्यापाशी पायाला हिरवी पट्टी बांधलेली दिसते. ती आली कुठून?

‘‘पागोटं फाडलं असन.’’

‘‘पागोटं लाल हाय नं बे. आंधळा हाय काय?’’

‘‘घोड्याच्या झुलीची हाय,’’ ओमप्रकाश म्हणायचा. ‘‘झूल हिरवी हाय का नाही? मग. फालतू बोलाचं नाही.’’ आणि ते मिटायचं. चौथ्या दरवाजापाशी घोडा अजून भेटलेलाच नसतो, हे बोलून दाखवण्याची कुणाची टाप नव्हती.

ती टाप दाखवली वसंताने. हा हिंगण्याच्या एका कारखान्यात लेथवर होता, वय असेल सव्वीस. दिसायला काडी, पण मिशी अशी की तिच्यासाठी वेगळं जेवण करावं लागत असेल. सकाळी कंपनीच्या बसमध्ये चढण्याआधी तो खिडकीच्या काचेत बघून तिला पीळ द्यायचा. रात्रपाळी करून त्या पहिल्या शुक्रवारी तो झोपायलाच टॉकीजमध्ये आला होता, आणि झोप न येता त्याने सगळा पिक्चर पाहिला होता.

‘‘पट्टी बुढीनं बांधली,’’ वसंत म्हणाला. ‘‘पाताळात बुढी बसली होती, जात्यावर. म्यां पायली. पूर्‍या पिक्चरमंधी तोच सीन एक नंबर हाय, बाकी सारं खेळणं. पैल्या शोले होता, मंग कुठी गेला काय मालूम.’’

सगळे हसायला लागले. पाताळात दळण! गहू कंट्रोलचे होते का बे? पिठाची गिरणी नव्हती का तिथं? वसंतही पहिल्यांदा हसला. पण पुढच्या रविवारी त्याने तेच सांगितलं, त्याच्या पुढच्यालाही. मग मात्र हसण्यातली मजा गेली. ओमप्रकाशला खोटारडा चालला असता, पण सापांच्या पुलाला खेळणं म्हणणारा चालत नव्हता. वसंत आला की बाकड्यावरची माणसं फाकून बसायची आणि त्याला जागा उरायची नाही. तो उभ्याने बोलायचा. कुणीतरी घर्रर आवाज काढायचं.

गिरिधरला हे सगळं पाठीमागून ऐकू यायचं. त्याला वसंताचा भयंकर राग यायचा. एवढी पन्नास माणसं मेल्यासारखी झोपली होती, हाच एक का जागा राहिला? आणि राहिला तर राहिला, ह्यालाही तीच म्हातारी का आवडावी?

जूनअखेरच्या रविवारी ते टोकाला गेलं.

‘‘ऑपरेटरले विचारू,’’ ओमप्रकाश म्हणाला. ‘‘दिवसाचे चार शो. सहा हप्ते झाले. त्याच्याएवढा हा पिक्चर कोणाच्या बापानं पायला नसन. तो हो म्हणला त मी इथीच टक्कल करतो. नाही म्हणला त तुही मिशी जाईन. हाय हिंमत?’’

‘‘लागली,’’ वसंत म्हणाला. क्षणाचाही विचार केला नाही. आणि गिरिधरकडे बघून तो हसला, मोकळेपणी, आपल्या माणसाकडे बघून हसतात तसा. ‘‘सांगा गिरिधरभाऊ, सांगा ह्यायले.’’

त्या हसण्याने गिरिधरचं टाळकं फिरलं. समोर टॉकीजच्या खिडकीत वामनराव बसलेले दिसत होते. हो म्हणावं, तर पुढचा प्रश्न ठरलेला, मग ती गेली कुठे. एकोणीस वर्षं. दुसरी कुठलीच विद्या हातात नाही. त्याने बशीतला चहा संपवला, बशी नत्थूजीपुढे ठेवली.

‘‘कोणती बुढी? मी त नाही पायली.’’ एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण माणूस घाबरला की जास्तीचं बोलतो. ‘‘हा त पैल्या शोले झोपला होता. घोरताना पायलं म्यां ह्याले, वरून.’’

बाकडं फुटलं हसण्याने. ‘‘सपना पायलं गा ह्यानं! बुढीचं सपना!’’

टपरीपलीकडे लिंबाखाली न्हावी बसायचा. त्याला हाक मारायला तिघं धावले. वसंताने पळून जावं, भांडावं, निदान एखादी शिवी हासडावी, असं गिरिधरला फार वाटत होतं. तो दगडावर जाऊन बसला आणि त्याने हनुवटी वर केली. पाणी लावलं, वस्तरा फिरला. एवढा वेळ तो गिरिधरकडेच बघत होता. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, त्याला नुसतं समजत नव्हतं. मिशी गेल्यावर त्याचं तोंड एकदम पोरकट आणि गरीब दिसायला लागलं. ओमप्रकाशने त्याला उठवलं, पाठीवर थाप मारली आणि सांगितलं, ‘‘आता इकडे दिसाचं नाही.’’

वसंत दिसेनासा झाला, पण बातमी हिंगण्यापर्यंत पोचली. सकाळच्या बसमध्ये तो चढला की मागच्या सीटवरून घर्रर, घर्रर सुरू व्हायचं. कारखान्यातही त्याला ‘दळण’ म्हणायला लागले. नत्थूजी हे रंगवून सांगायचा आणि गिरिधर चहा अर्धा टाकून निघून जायचा. रविवारी तर तो टपरीकडे फिरकेनासाच झाला. घरी तो जास्तच पिसाळला. भाजीत मीठ कमी म्हणून ताट सरकवलं, दार जोरात लावलं म्हणून शेजाऱ्यांशी तंडला. वसंताला तो मनातल्या मनात रोज शिव्या घालायचा. असल्या गोष्टीवर कोणी मिशी पणाला लावतं का, मूर्खा?

प्रमोदिनीला नळावर सगळं कळलं होतं. एका सकाळी तिने वाढलेलं ताट त्याच्यापुढे ठेवलं आणि स्वतः भिंतीशी उभी राहिली.

‘‘त्या दिवशी बंबातून कायचा वास येऊन राह्यला होता? तवा म्यां विचारलं नाही. आज विचारून राह्यली.’’

‘‘तुले काय कराचं वं?’’

‘‘सांगा.’’

त्याने सांगितलं. पट्टा निसटला तिथपासून लिंबाखालच्या दगडापर्यंत. मग तिने विचारलं, ‘‘होती कशी ती बुढी?’’ आणि गिरिधरने, लग्नानंतर पहिल्यांदा, बायकोला पिक्चरमधलं काहीतरी सांगितलं. म्हातारीच्या डाव्या हातात बांगडी नव्हती, उजव्यात एकच होती, ती जात्याच्या खुंट्यावर टिकटिक वाजायची. पट्टी बांधताना तिने राजपुत्राच्या तोंडाकडे पाहिलंच नाही, पायाकडेच पाहत होती. सांगता सांगता ताटावरचा त्याचा हात जात्यासारखा फिरायला लागला, त्याची त्याला लाज वाटली.

‘‘तुमी पायत बसले म्हणून ते जळलं,’’ प्रमोदिनी म्हणाली. ‘‘तुमाले आवडली म्हणून. आणि त्या पोराले आवडली त तुमी त्याची मिशी काढली. मले तुमच्यासंग जेवाले बसाची शरम वाटून राह्यली.’’ ती खरंच बसली नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढेही नाही. ताट वाढायची आणि आत जायची.

पंधरा दिवस त्याने तेही रेटून पाहिलं. तोवर पिक्चर उतरला आणि प्रिंट भंडाऱ्याकडे गेली. कुणी विचारणार नव्हतं, काही उघडकीला येणार नव्हतं, गिरिधर सुटल्यात जमा होता. आणि एका शनिवारी सकाळी तो वामनरावांच्या टेबलापुढे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘तिसरी इजा लिहायची राहिली होती.’’

वामनरावांनी ऐकून घेतलं. ‘‘आता बोलायची काय गरज होती? वर्षभर कोणाला कळलं नसतं.’’

‘‘मला कळलं होतं.’’

‘‘वा. आणि मी आता प्रिंटवाल्यांना काय सांगू? आमच्या ऑपरेटरला उशिरा अक्कल आली?’’ त्यांनी हात पुढे केला. ‘‘केबिनची किल्ली ठेवा.’’ एकोणीस वर्षांची ओळख असूनही ते त्याला बस म्हणाले नाहीत, तसे ते कधीच म्हणत नसत.

दुसऱ्या दिवशी रविवार. गिरिधर टपरीवर गेला तो बाकड्याकडे तोंड करून उभा राहिला, आणि पाहतो तर वसंत तिथे बसलेला. बाकड्याच्या कडेला, अर्धा आत अर्धा बाहेर, पण बसलेला. वरचा ओठ स्वच्छ. मिशी पुन्हा वाढवलेली नव्हती. दोन आठवड्यांपासून यायला लागला होता, नत्थूजीने हळूच सांगितलं. ओमप्रकाशने माफ केलं त्याला, एका अटीवर. कुणी म्हटलं की त्याने हवेत जातं फिरवून दाखवायचं.

गिरिधर बोलायला लागला. त्याला भाषण येत नव्हतं, जसं झालं तसं सांगितलं. सीन होता. पंचेचाळीस फूट होता. मी फाडला, मी जाळला, मी खोटं बोललो. ‘‘हा झोपला नव्हता. ह्यानं पायलं ते सारं खरं हाय.’’

ओमप्रकाशचा हात नकळत स्वतःच्या दाट केसांकडे गेला. मग त्याने तो खाली घेतला.

‘‘काल नोकरी गेली नं तुमची?’’ तो म्हणाला. ‘‘वामनरावानं हाकललं. आणि आज तुमाले बुढी आठवली? टॉकीजले बदनाम करून राह्यले काय?’’

‘‘सांगितलं म्हणून गेली.’’

‘‘म्हणजे तवा नोकरी होती त बुढी नव्हती. आता नोकरी नाही त बुढी हाय. वा रे वा!’’ दोघंतिघं हसले आणि बाकीच्यांना हायसं वाटलं. ‘‘तुकडा दाखवा. कुठी हाय?’’

‘‘जाळला म्हणलं नं.’’

‘‘झालं मंग.’’

‘‘पट्टी हिरवी कुठून आली?’’ गिरिधर ओरडला. ‘‘एवढे शहाणे आहात त सांगा! चौथ्या दरवाजापाशी घोडा कुठी हाय?’’ पट्टीचं कधीच ठरून गेलं होतं, ठरलेलं उकरणाऱ्याकडे बघावं तसं ते त्याच्याकडे बघत राहिले. तेव्हा त्याने सगळ्यांना सोडलं आणि एकट्या वसंताला धरलं. खाली वाकून, त्याच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, ‘‘वसंता, तिच्या उजव्या हातात एकच बांगडी होती. खुंट्यावर वाजत होती. तूनं हे कोणाले सांगितलं नव्हतं, मलेही नाही. पायलं होतं नं तूनं?’’

वसंताच्या चेहऱ्यावरून काहीतरी झरकन गेलं. त्याला बांगडी ऐकू आली होती, ह्यात गिरिधरला तिळमात्र शंका राहिली नाही. सगळ्या नागपुरात दोनच माणसं होती ती म्हातारी पाहिलेली, आणि ती दोघं आता एकमेकांच्या तोंडासमोर होती. क्षणभर गिरिधरला वाटलं, हा आता रडेल, नाहीतर माझ्या थोबाडीत मारेल. दोन्हीसाठी तो तयार होता.

‘‘नाही भाऊ,’’ वसंत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. ‘‘मी झोपलो होतो. तुमीच त म्हणले.’’

‘‘शाबास!’’ ओमप्रकाश म्हणाला. ‘‘बोल बे वसंता, कोणता सीन एक नंबर?’’

‘‘सापायचा पूल.’’

बाकड्यावर पुन्हा गलका सुरू झाला. कुणीतरी वसंताकडे चहा सरकवला, कुणीतरी सरकून त्याला नीट बसायला जागा केली. गिरिधरचा हात अजून त्याच्या खांद्यावर होता. वसंताने तो हळूच काढून बाजूला ठेवला आणि मान वर न करता, फक्त त्यालाच ऐकू येईल इतक्या खाली बोलला.

‘‘जा नं भाऊ आता. मले इथीच बसा लागते.’’